आजीचं पासबुक कुणाकडे आहे?



आम्ही बचतगटांच्या समन्वयक. एरवी या कार्यक्रमात आपण हप्ते, व्याज, शेळीपालन, गटाचं दप्तर असं बोलत असतो. आज बोलायचंय ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी, त्यांच्या छळाविषयी. हा शब्द ऐकून काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील, कारण सासूबाई तिथंच ओसरीवर बसलेल्या असतील. तसं करू नका. त्यांनाही ऐकू द्या.

गावात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. "आमच्याकडं असलं काही नाही बाई, म्हाताऱ्या माणसावर कोण हात टाकतंय?" हात टाकणारे आहेत. दारू पिऊन आलेला मुलगा आईला ढकलून देतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण पुष्कळ घरांत मारहाण नसते आणि तरी छळ असतो. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं कालवण म्हाताऱ्याच्या ताटात जातं. दात नसलेल्या माणसापुढं कडक भाकर ठेवतात आणि ती कुस्करायला वाटीभर ताक काही देत नाहीत. रात्री उठवावं लागू नये, अंथरूण ओलं होऊ नये, म्हणून दिवस मावळल्यावर प्यायला पाणीच देत नाहीत. चष्म्याची काडी मोडून चार महिने झालेले असतात. मोतीबिंदूचं शिबिर तालुक्याला येऊन जातं, पण घेऊन जायला कुणाला सवड नसते. घरात टीव्ही आला, फ्रीज आला की बाज ओसरीवरून हळूहळू गोठ्याकडं सरकते. आणि तोंडानं? "अजून किती दिवस पुरणार आहेस", "कावळ्याचं आयुष्य घेऊन आलीस". काही घरांत एवढंही नाही, तिथं बोलणंच बंद. दिवसभरात त्या माणसाशी कुणी एक शब्द बोलत नाही. नातवंडांनाही सांगून ठेवलेलं असतं, आजीजवळ बसू नको, खोकला लागेल.

जागतिक आरोग्य संघटना छळाची जी व्याख्या करते, तिच्यात हे सगळं बसतं. ज्याच्या भरवशावर म्हातारं माणूस राहतं, त्याच्याकडून त्याला इजा किंवा दुःख होईल असं काही घडणं, एकदाच घडलं तरीही, म्हणजे छळ. आणि जे करायला हवं होतं ते न करणं, हाही छळच. या संघटनेचा अंदाज आहे की साठीपुढच्या सहा माणसांमागं एकाला वर्षभरात अशी काही तरी वागणूक सोसावी लागते. आपल्या देशात 2017-18 साली म्हाताऱ्या माणसांची एक मोठी पाहणी झाली, मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं ती केली. तिच्यात शंभरातल्या साधारण पाच जणांनीच वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. आता आपल्या ओळखीची कुठलीही आजी डोळ्यांपुढं आणा. परका माणूस कागद घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "घरात नीट वागवतात का?" तर ती काय सांगेल? "चांगलं चाललंय बाबा." पोटच्या पोराची तक्रार परक्याजवळ करायची नाही, हे तिनं जन्मभर पाळलेलं असतं. संध्याकाळी भाकर त्याच घरात खायची असते, हेही तिला माहीत असतं. म्हणून आमचं मत असं की शंभरातले पाच हा आकडा बोललेल्यांचा आहे, सोसणाऱ्यांचा नाही.

मग हे होतं कशानं? लोक म्हणतात, जमाना बदलला, संस्कार राहिले नाहीत. आम्हाला हे उत्तर पटत नाही. संस्कार म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. मोबाइलवर आईचा फोटो स्टेटसला ठेवणारे आणि सहा-सहा महिने गावाकडं न फिरकणारे मुलगे आपण पाहतोच. गावोगाव गटांच्या बैठकीत फिरताना आम्हाला जे दिसतं ते जास्त साधं आहे. म्हाताऱ्या माणसाचं नाव कागदावरून गेलं की त्याची किंमत कमी होते. आणि सांभाळण्याचा सगळा भार एकाच बाईच्या डोक्यावर आला की त्या घरात छळाला जागा होते. दारू, कर्ज, जुनी भांडणं आहेतच, पण बहुतेक ठिकाणी मुळाशी या दोन गोष्टी सापडतात.

आधी कागदाचं बोलू. एका गावातल्या आजींचं सांगतो, नाव-गाव सांगत नाही. मालक वारले तेव्हा चार एकर जमीन होती. मालकाच्या हिश्श्यात विधवेचा मुला-मुलींइतकाच वाटा असतो, हे हिंदू वारसा कायद्यात 1956 पासून आहे. पण मुलगे म्हणाले, "तुला कशाला पाहिजे रान? तू आमच्याकडंच राहणार." आजींनी अंगठा दिला. हक्कसोड झाली, सातबारावरून नाव गेलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग पाळी लागली, एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. पाळी बदलायच्या दिवशी आजी गाठोडं घेऊन एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर. आणि भांडण कशावरून निघालं, तर 31 तारखेवरून. महिना 30 दिवसांचा धरायचा, मग 31 तारखेचं जेवण कुणी घालायचं? असे तीन-चार महिने त्या आजींनी 31 तारीख शेजारणीकडं काढली. त्या शेजारणीनंच हे गटाच्या बैठकीत सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं. आजी स्वतः कधीच काही बोलल्या नाहीत.

दुसरा कागद म्हणजे पासबुक. श्रावणबाळ योजनेचे किंवा संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये येतात. आपल्याकडच्या पुष्कळ आज्यांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा पैसा आला तो हा. पण पासबुक असतं मुलाच्या खिशात नाही तर नातवाच्या दप्तरात. आजीला गाडीवर बसवून बँक मित्राकडं नेतात, मशीनवर अंगठा लावतात, आणि पैसे मोजतो दुसराच. किती आले, कधी आले, तिला सांगत नाहीत. कधी सांगतात, "अंगठा जुळला नाही, पैसे आले नाहीत." अंगठा खरंच जुळत नाही, जन्मभर खुरपं धरून रेषा झिजलेल्या असतात. म्हणून खोटं सांगितलं तरी ती विश्वास ठेवते. वर्षाला हयातीचा दाखला द्यायचा असतो, तेव्हा मात्र तिला नवं लुगडं नेसवून तहसीलला नेतात.

तिच्याच पैशातून तिचं औषधपाणी होत असेल, तर कुणाची तक्रार असायचं कारण नाही. गरीब घरात पैसा एकाच हंड्यात पडतो. प्रश्न असा की तिला विचारलं होतं का? तिला पन्नास रुपयांची तंबाखू, नातवाला खाऊ, लेकीच्या गावाचं एसटीचं तिकीट, एवढं तरी तिच्या मनानं करता येतं का?

इथं गटांविषयी एक गोष्ट बोलायलाच हवी. हप्त्याचा दिवस आला की पैसा कुठून तरी उभा करावा लागतो. आपल्या गटाचं कर्ज असेल किंवा दारावर येणाऱ्या फायनान्सवाल्याचं असेल. अशा वेळी घरात सगळ्यात सोपा पैसा कोणता? म्हातारीची पेन्शन. आमच्या भागातल्या काही गटांनी आता नियमवहीतच लिहून घेतलंय की सासूच्या किंवा आईच्या पेन्शनमधून हप्ता भरायचा असेल, तर ती स्वतः बैठकीला येऊन सांगेल. हा नियम काही जणींना आवडला नाही. "घरातलं घरात, गटाला काय करायचंय?" असं त्या म्हणाल्या. तरी नियम टिकलाय. एका गटात तर एक आजी खरोखर बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "या महिन्याला भरा, पुढच्या महिन्याला मला गुडघ्याच्या गोळ्या आणायच्यात." पुढच्या महिन्याला त्या गोळ्या आल्या.

आता भाराचं बोलू, कारण ऐकणाऱ्या बहुतेक जणी सुना आहेत. म्हाताऱ्या माणसाचे हाल म्हटलं की गाव पहिलं बोट सुनेकडं दाखवतं. मुलगा ऊसतोडीला किंवा पुण्याला कंपनीत, दीर वेगळे, नणंदा सासरी. उरली ती. पहाटे चारला उठायचं, शेणघाण, स्वयंपाक, मुलांची शाळा, वर मजुरीला जायचं, आणि त्यात सासरे अंथरुणाला खिळलेले. अर्धांग झालेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तरी रानात गेलेल्या बाईनं दर दोन तासांनी घरी यायचं कसं? मग जखमा होतात, वास येतो, शेजारीपाजारी नाक मुरडतात आणि म्हणतात, सून नीट बघत नाही.

त्यात विसरण्याचा आजार असेल तर विचारूच नका. आजी जेवते आणि अर्ध्या तासानं दारात जाऊन रस्त्यानं जाणाऱ्याला सांगते, "मला दोन दिवस झाले, जेवायला घातलं नाही." सून ऐकते, तिचा तोल जातो. आजी नाटक करते, आपली बदनामी करते, असं तिला वाटतं. हा मेंदूचा आजार आहे, तिच्या हातात काही नाही. अशा माणसाला आधी डॉक्टरला दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं आयुष्मान कार्ड काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही, दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर वर्षाला 5 लाखांपर्यंतचा खर्च त्यातून होतो. दवाखान्याच्या खर्चाच्या धास्तीनं म्हाताऱ्याला घरातच ठेवलं, असं फार ठिकाणी घडतं.

आणखी एक गोष्ट सुना आम्हाला हळूच सांगतात. "मी पहिल्या बाळंतपणात होते तेव्हा हिनं मला शिळं घातलं. आता हिला गरम का घालू?" तिनं केलं ते खरं होतं, छळच होता तो. त्या वेळी घरात तिला अडवणारं कुणी नव्हतं, आणि गावानं त्याला सासुरवास म्हणून सोडून दिलं. पण त्याची वसुली अंथरुणावर पडलेल्या बाईकडून करायची, हे आम्हाला मान्य नाही. गरम भाकर घालताना मनात राग असला तरी असू द्या. रागावर काही आमचं म्हणणं नाही, भाकरीवर आहे.

ज्या घरात मुलगाच आई-बापाच्या पैशावर जगतो, तिथली गोष्ट वेगळी. काम नाही, दारूचं व्यसन, बाहेर उधारी झालेली. अशा मुलापुढं म्हातारा बाप म्हणजे पेन्शन आणि राहतं घर. अभ्यास करणारेही सांगतात की त्रास देणारं माणूस पुष्कळदा त्या म्हाताऱ्यावरच अवलंबून असतं. अशा घरात समजुतीच्या गोष्टी सांगून फार काही होत नाही. तिथं कायदाच लागतो.

कायदा आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा आणि कल्याणाचा कायदा, 2007 सालचा. साठी पूर्ण झालेल्या माणसाला किंवा कुठल्याही आई-बापाला, स्वतःचं भागत नसेल तर, मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. उपविभागीय अधिकारी तो चालवतात, वकील करावा लागत नाही. महिन्याला 10 हजार रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते, आणि नोटीस पोचल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. तारखा पुढं जातात, हेही खरं, म्हणून पाठपुरावा करावा लागतो. म्हातारं माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर त्यानं सांगितलेलं दुसरं माणूस किंवा नोंदणी झालेली संस्था त्याच्या वतीनं अर्ज करू शकते. सांभाळायची जबाबदारी असताना म्हाताऱ्या माणसाला कुठं तरी नेऊन सोडून दिलं, तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कायद्यातली एक गोष्ट सगळ्यांनी नीट ऐका. निर्वाहखर्च द्यायची जबाबदारी कुणावर टाकलीय? मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर. सुनेचं नाव त्यात नाही. गाव जिला पहिली धरतं तिला कायदा धरत नाही, आणि पुण्याला बसलेल्या मुलाला धरतो. लग्न झालेल्या लेकींनाही धरतो. माहेरच्या वाटणीला पुढं आणि आजारपणाला मागं, असं चालणार नाही.

जमीन किंवा घर कुणाच्या नावावर करायची वेळ आली तर घाई करू नका. सगळ्यात बरं मृत्युपत्र. ते आपल्या माघारी लागू होतं आणि जिवंत असेपर्यंत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर त्यात स्पष्ट लिहून घ्या की घेणाऱ्यानं देणाऱ्याचं अन्न, वस्त्र, औषधपाणी, राहणं सगळं बघायचं. अशी अट असली आणि ती पाळली नाही, तर याच कायद्याच्या 23व्या कलमाखाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. 2025 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेशातल्या एका आईचं मुलाला दिलेलं बक्षीसपत्र असंच रद्द केलं आणि मालमत्ता तिला परत दिली. तिच्याकडं मुलानं सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं. तोंडी वचन देणारे मुलगे आपल्याकडं भरपूर आहेत, म्हणून लेखी घ्या म्हणतो.

मारहाण, शिवीगाळ, घरातून हाकलणं असं असेल तर आई, सासू, आजी यांना कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातही दाद मागता येते. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं जायचं. हा कायदा फक्त सुनांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. तातडीची वेळ असेल तर 112. आणि नुसतं कुणाशी तरी बोलायचं असेल, माहिती हवी असेल, तर ज्येष्ठांसाठीचा फोन आहे, एक चार पाच सहा सात. पुन्हा सांगतो, 14567. सकाळी 8 ते रात्री 8, पैसे लागत नाहीत. आजीला आकडे वाचता येत नसतील तर तिच्या साध्या मोबाइलमध्ये एका बटणावर हा नंबर बसवून द्या.

मुलगा सरकारी नोकरीत असेल तर आणखीही वाट निघू शकते. आपल्या मराठवाड्यातल्याच लातूर जिल्हा परिषदेनं 2020 साली ठराव केला की जे कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून 30 टक्के कापून आई-वडिलांच्या खात्यावर जमा करायचे. ठरावाची नुसती चर्चा झाली तेव्हाच काही घरांत समेट झाले असतील, असा आमचा अंदाज.

पण प्रांताकडं जाण्याआधी गावात करण्यासारखं बरंच आहे. एकदम घरात घुसून सुनेला जाब विचारायचा नाही. आपण निघून आल्यावर त्याचा राग म्हातारीवर निघतो. आमच्या इथं बायका दुसऱ्याच कामानं जातात, गटाची सही घ्यायला, हळदीकुंकवाचं सांगायला. जाताना आजीजवळ दहा मिनिटं बसतात. हाताला काळं-निळं दिसतंय का, लुगडं वाळलेलं आहे का, मुलगा आत आला की ती बोलता बोलता थांबते का, हे दहा मिनिटांत कळतं. पुढच्या खेपेला पेन्शनच्या दिवशी तिच्याबरोबर बँकेत जायचं. पैसे तिच्या हातात मोजून द्यायला लावायचे, पासबुकावर नोंद करून घ्यायची. बरोबर गटाच्या दोन बाया आहेत म्हटल्यावर मुलगाही वाकडं बोलत नाही.

दोन गावांत बायकांनी 'एक दुपार' सुरू केलीय. ज्या घरी अंथरुणावर माणूस आहे, तिथं आठवड्यातली एक दुपार गटातल्या कुणी तरी बसायचं, म्हणजे त्या घरच्या बाईला बाजार करता येतो, माहेरी फोन लावता येतो, नाही तर नुसतं झोपता येतं. कापूस वेचणीच्या दिवसांत हे बंद पडतं, सगळ्याच रानात असतात. पुन्हा सुरू करावं लागतं. एका सुनेनं सांगितलं, "मी त्या दुपारी काहीच करत नाही, शेजारणीच्या दारात बसते. पण संध्याकाळी आत्याबाईंवर ओरडत नाही."

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. पाच-सहा महिने घरात उरतील ती म्हातारी माणसं आणि त्यांच्यावर सोडलेली नातवंडं. ज्या ग्रामसंघांत अजून झालेली नाही त्यांनी टोळी निघायच्या आत यादी करा. कोणत्या घरी कोण एकटं राहणार, रेशन कोण आणणार, बीपी-शुगरच्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत, मुलाचा फोन नंबर काय, पासबुक कुणाकडं ठेवलंय. मुलगा पासबुक बरोबर घेऊन चालला असेल तर ते गाडीत बसण्याआधी मागून घ्या. यादीची एक प्रत आशाताईंकडं द्या, एक ग्रामसंघाच्या दप्तरात लावा.

पुढच्या आठवड्यात याच वेळेला श्रावणबाळचा अर्ज कसा भरायचा, 65 वर्षांच्या वयाचा पुरावा नसेल तर काय करायचं, आणि 21 हजारांच्या उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, त्याची माहिती देऊ. कागद-पेन घेऊन बसा, आणि आजींनाही बोलवा. नमस्कार.